पुराच्या पिशवीत आमसुलं कशाला?

ताई, नमस्कार.

मी चिपळूणची. वय 41. बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आहे आणि मागच्या बाजूला घर. 22 जुलै 2021 ला आमच्याकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, रात्रभर धो धो पाऊस. पहाटे चारच्या सुमाराला सासूबाईंना जाग आली ती पलंगाखाली पातेलं वाजतंय म्हणून. पातेलं तरंगत होतं आणि पलंगाच्या पायावर आपटत होतं. 2005 च्या पुरात पाणी ओट्याच्या वरच्या पायरीला लागून थांबलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. या वेळी ते थांबलंच नाही. आधी माळा, मग कौलं सरकवून शेजाऱ्यांचा स्लॅब. सासूबाईंना चादरीत बांधून वर घेतलं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. अख्खा दिवस आणि पुढची रात्र आम्ही वरच काढली.

पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल होता. साखरेची पोती जागच्या जागी होती, फक्त रिकामी. साखर विरघळून गेली होती. तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा भावाने सांगितलं, त्याच 22 तारखेला संध्याकाळी माहेरच्या वाडीवर दरड आली. माझा चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची अकरावीतली मुलगी गेली. मी फोन ठेवला आणि परत चिखल काढायला लागले, कारण डंपर आला होता.

वहिनीशी मी आदल्या रात्री नऊ वाजता बोलले होते. तिला म्हटलं होतं, तुमचं बरं आहे, तुम्ही डोंगरावर, पाणी तुमच्यापर्यंत काय येणार.

आता चार वर्षं झाली. या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला आणि माझी झोप गेली. दाराशी एक पिशवी भरून ठेवली आहे. रात्री चार-पाच वेळा उठून ती उघडून बघते. सासूबाईंची झोपेची अर्धी गोळी घ्यायला लागले आहे. नवरा म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं, किती उगाळणार. स्वतः मात्र रोज रात्री जेवण झालं की स्कूटर काढून पुलावर पाणी बघून येतो. मुलगा तेरा वर्षांचा आहे, तो म्हणतो, आई, तू वेडी झालीस. पण त्याचं दप्तर तो कधी जमिनीवर ठेवत नाही. आई अजून वाडीवरच राहते, चार महिने इकडे ये म्हटलं तर ऐकत नाही. डोंबिवलीचे दीर म्हणतात, सगळं विका आणि या.

लाज याची वाटते की आमचं गेलं काय, तर सामान. ज्यांची माणसं गेली ते उभे राहिले आणि मी पिशवी तपासत बसते.

एक सांगायचं राहिलं. पिशवीत मी आमसुलांची बरणी ठेवली आहे. वहिनीने त्या मे महिन्यात पाठवली होती, माळ्यावर होती म्हणून वाचली. सासूबाईंनी परवा बघितली आणि म्हणाल्या, "अगो, पुरात काय सार करत बसणारेस?" सगळे हसले. मला रडू आलं. ती बरणी टाकून द्यावी का?

– एक वाचक, चिपळूण

---

नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा एकाच जागी अडखळले. "मी फोन ठेवला आणि परत चिखल काढायला लागले, कारण डंपर आला होता."

तुम्हाला वाटतंय तुम्ही पुराची भीती घेऊन बसला आहात. भीती आहेच, तिच्याकडे येते. पण माझ्या मते तुमचं दुखणं निम्मं पुराचं आहे आणि निम्मं दरडीचं, आणि दरडीच्या निम्म्याला तुम्ही अजून हातही लावलेला नाही. एका दिवसात दोन संकटं आली की माणूस आधी समोरचं उचलतो. चिखल समोर होता. त्याला वास होता, तो दर तासाला घट्ट होत होता, डंपरवाला थांबणार नव्हता, पंचनाम्याला माणूस येईल म्हणून भिजलेले कट्टे मोजायचे होते. वाडी लांब होती, रस्ते बंद होते, कोणाचं तोंड बघायला मिळालं नाही. त्यामुळे तुम्ही चिखल काढलात, आणि रडणं मागे राहिलं. ते तसंच राहिलं, आजपर्यंत. दर पावसाळ्यात ते येतं, आणि पुराच्या भीतीचे कपडे घालून येतं, म्हणून ओळखू येत नाही.

"आमचं फक्त सामान गेलं" हे वाक्य तर खोडूनच टाका. तुमचे तीन लोक गेले. तुम्हीच लिहिलंय, आणि चार ओळींनी स्वतःच विसरलात.

आता त्या फोनबद्दल. तुमचं पत्र तुम्ही पूर आणि पिशवीबद्दल लिहिलंत, पण ते खरं त्या एका वाक्यासाठी लिहिलंय असं मला वाटतं. "तुमचं बरं आहे, तुम्ही डोंगरावर." चार वर्षं हे वाक्य तुमच्या गळ्यात अडकलंय.

त्या दिवशी काय झालं ते एकदा सरळ मांडू या. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीवर अडले आणि तिथेच रिते होत राहिले. 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत एकट्या महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याची पावसाची सर्वांत वरची पायरी 204.5 मिलिमीटरला सुरू होते, म्हणजे त्या पायरीच्या जवळपास तिप्पट. तोच पाऊस खाली सावित्रीतून महाडात शिरला, इकडे वाशिष्ठीतून चिपळुणात. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे खाडीला भरतीचा जोर, पाण्याला उतरायला वाट नाही. आणि तोच पाऊस वर डोंगराच्या पोटात मुरला. आपल्या डोंगरांवर कातळ खाली आणि मातीचा थर वर. माती पाण्याने फुगली, जड झाली, कातळावरची तिची पकड सुटली. त्या एका दिवसा-रात्रीत तळीयेची कोंडाळकरवाडी गेली, तिथे ऐंशीहून जास्त माणसं गेली. खेड तालुक्यात पोसरे, पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे, घाटावर पाटणकडे आंबेघर, मिरगाव. तुमच्या वाडीचं नाव मी इथे छापत नाही.

म्हणजे तुमचा पूर आणि वहिनीची दरड हे एकाच पावसाचं काम. पण 21 तारखेच्या रात्री नऊ वाजता हे कोणाला दिसत होतं? चिपळूणच्या माणसाने पावसाळ्यात डोंगरावरच्या माणसाला "तुमचं बरं आहे" म्हणणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. उंचावर घर म्हणजे पाण्यापासून सुटका, हे कोकणातलं शहाणपण वाडवडिलांपासूनचं आहे, आणि शंभरातल्या नव्याण्णव पावसाळ्यांत ते खरं ठरतं. तुम्ही वहिनीला थांबवलं नाहीत. ती निघाली होती आणि तुम्ही "राहा" म्हणालात, असं घडलेलं नाही. तुम्ही तिचा हेवा केलात, प्रेमाने. तुमच्या त्या वाक्याला ती काय म्हणाली ते पत्रात नाही. आठवून बघा. बहुतेक हसली असेल. तेही त्याच फोनमध्ये झालंय, आणि तुमच्याकडून नेमकं तेच गळलंय.

थोडं माझं सांगते. मी लातूरची. 30 सप्टेंबर 1993 ला मी दहावीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून लोक उशिरा येऊन आडवे झालेले, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. आमचं घर उभं राहिलं, भिंतींना तडे गेले, एवढंच. त्यानंतर कित्येक दिवस अख्खा मोहल्ला अंगणात झोपत होता. आत झोपायला लागलो तेव्हा माझे वडील रोज रात्री उशाशी एक पितळी तांब्या पालथा ठेवायचे, त्यावर फुलपात्र, त्यावर चमचा. जमीन हलली तर चमचा पडेल, आवाजाने जाग येईल. शाळेत गणित शिकवणारा माणूस, चमच्याचं तोल साधत बसायचा. आई चिडायची. एका रात्री मांजराने ते सगळं पाडलं आणि आम्ही पाचही जण अंधारात एकमेकांना तुडवत अंगणात. बाहेर आल्यावर मांजर दारात बसून आमच्याकडे बघत होतं. भूकंपानंतर वडील पहिल्यांदा तेव्हा हसले. तांब्या त्यानंतरही बरेच दिवस होता.

हे सांगायचं कारण असं की वडिलांच्या तांब्याला मी कधी वेड म्हटलं नाही, आणि तुमच्या पिशवीलाही म्हणणार नाही. वाशिष्ठीकाठी राहणाऱ्या बाईने पावसाळ्यात पिशवी भरून ठेवणं हा शहाणपणा आहे. तुमच्या नवऱ्याचा वाद पिशवीशी नाही, रात्रीच्या चार-पाच फेऱ्यांशी आहे, आणि तिथे त्याचं थोडं बरोबर आहे. वडील तांब्या एकदाच रचायचे. मग झोपायचे. रचून झाल्यावर त्यांची पाळी संपायची, पुढचं काम तांब्याचं. तुमची पाळी संपतच नाही.

म्हणून असं करा. या रविवारी दुपारी जेवणं झाली की पिशवी घराच्या मधोमध ओता. सगळे बसा, सासूबाईंसकट. आधार कार्डं, दुकानाचे आणि घराचे कागद, पासबुकं, सगळं प्लास्टिकच्या जाड पिशवीत, तोंडाला रबर. सासूबाईंच्या आठवडाभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, काडेपेटी, शिट्टी. शिट्टी विसरू नका, स्लॅबवरून ओरडून घसा बसतो, तुम्हाला सांगायला नको. सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा. चिवडा, खजूर, पाण्याच्या दोन बाटल्या. फोन नंबर कागदावर लिहा, फोन बंद पडला की आपल्याला नवऱ्याचाही नंबर आठवत नाही. मग पिशवी बांधा, गाठीवर सुतळीची दुसरी गाठ मारा आणि त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून मुलाला तारीख घालायला सांगा. रात्री जाग आली आणि हात पिशवीकडे गेला तर चिठ्ठी वाचायची. सुतळी जागेवर आहे म्हणजे आतलं जागेवर आहे. सोडायची ती गणपतीच्या आधी एकदाच, औषधं बदलायला.

पिशवीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ठरलेला बोल. त्या पहाटे तुमचा वेळ कशात गेला असेल याचा मला अंदाज आहे. "अजून थोडं बघू, 2005 ला पायरीवर थांबलं होतं." मागच्या पुराची खूण धरून बसण्यात चिपळुणातल्या कितीतरी घरांची पहाट गेली. तेव्हा आता नवी खूण करा, खाली, अगदी खाली. ओट्याच्या पहिल्या पायरीवर रंगाचा पट्टा मारा. पाणी पट्ट्याला लागलं की चर्चा नाही. सासूबाईंना कोण उचलणार, पिशवी कोण घेणार, वीज कोण बंद करणार, शेजाऱ्यांचा जिना की स्लॅब, हे आजच ठरवा. शेजाऱ्यांना विचारून ठेवा. जी गोष्ट दुपारी चहा घेताना ठरते ती पहाटे चारला पाण्यात उभं राहून ठरवावी लागत नाही, आणि एकदा ठरली की रात्री डोक्यात तिचा घाणा फिरायचा थांबतो. लगेच नाही थांबणार. पंधरा दिवस द्या.

बातम्या दिवसातून दोनदा. सकाळी आणि रात्री जेवणाआधी, हवामान खात्याचा इशारा कुठला रंग आहे तेवढं बघायचं. पिवळा असेल तर आपलं काम चालू. केशरी असेल तर खालच्या रॅकवरचा माल वर. लाल असेल तर पाण्याची वाटच बघायची नाही, सासूबाई संध्याकाळीच शेजाऱ्यांकडे. व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात 2021 चेच व्हिडिओ "आत्ताचे" म्हणून फिरतात, त्या ग्रुपचा आवाज सप्टेंबरपर्यंत बंद करा.

आणि पावसाच्या आवाजाने दचकून उठलात तर आधी पाय खाली टेकवा. उठू नका, नुसते टेकवा. फरशी कोरडी आहे हे तळव्यांना कळू द्या. त्या पहाटे तुमच्या पायांना पाणी लागलं होतं ते डोक्याच्या आधी शरीराने साठवून ठेवलंय, त्यामुळे समजूतही शरीराचीच काढावी लागते. मिनिटभर तसं बसा. घोटभर पाणी. पातेलं कधीच पलंगाखाली ठेवत नसाल आता, ते बरोबर आहे, ठेवूही नका.

नवऱ्याबद्दल. मला तुमच्या पत्रात त्याचा पूल फार आवडला. "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणणारा माणूस रोज रात्री स्कूटर काढून वाशिष्ठी बघून येतो! तुमची पिशवी दाराशी आहे, त्याची पुलावर आहे, एवढाच फरक. त्याला हे टोमण्याने सांगू नका, घरात भांडण नको. उलट त्याच्या फेरीला घरात मान द्या. तो आला की विचारा, "किती आहे?" तो सांगेल, अमुक दगड दिसतोय, तमुक बुडालाय. झालं, घराची नदीची खबर आली. आता तुम्ही उठून बघायची गरज नाही, कारण बघणारा बघून आला. पुरुषांना आपल्याकडे "मला भीती वाटते" म्हणायला शिकवलेलं नसतं, पण "पाणी अजून दोन फूट खाली आहे" हे ते म्हणू शकतात. अर्थ तोच. लाल इशारा असेल त्या रात्री मात्र पुलावर जायचं नाही, एवढी अट घाला. सावित्रीवरचा महाडचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कसा गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या कशा गेल्या, हे त्याला सांगावं लागणार नाही.

मुलाला काही समजावायला जाऊ नका. दप्तर जमिनीवर न ठेवणारा मुलगा सगळं समजून आहे. त्याच्याकडे फक्त त्याचे शब्द नाहीत, म्हणून "वेडी झालीस" हा शब्द आला. रविवारी पिशवी भरताना त्याला शेजारी बसवा. तेरा वर्षांची मुलं समोर बसवलं की गप्प होतात आणि हाताला काम दिलं की बोलतात. तो विचारेल, मामा-मामी कसे गेले, ताईला दुखलं असेल का. जेवढं माहीत आहे तेवढं खरं सांगा. माहीत नसेल तिथे "मला माहीत नाही" म्हणा. रडू आलं तर येऊ द्या त्याच्यासमोर, पळून स्वयंपाकघरात जाऊ नका. त्याने काही नाही विचारलं तर तेही ठीक, खणू नका. त्याची मार्कं घसरली, तो एकटाच राहायला लागला, झोपेत ओरडायला लागला, तर मात्र वाट बघू नका.

आता गोळी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. सासूबाईंची गोळी त्यांच्या वयाला, त्यांच्या आजाराला दिलेली आहे. ती तुमची नाही. झोपेच्या बऱ्याच गोळ्यांची शरीराला सवय लागते, मूळ भीती जागच्या जागी राहते, आणि लाल इशाऱ्याच्या रात्री ज्या बाईने सगळ्यांना उठवायचं तीच गुंगीत असते. हे तुम्हाला तरी चालेल का? पण आज रात्रीपासून एकदम बंदही करू नका. किती दिवस घेताय त्यावर ती कशी सोडायची ते डॉक्टरने ठरवायचं. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. ते पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील तर जा. आघातानंतरच्या त्रासावर बोलण्याचे खास उपचार आहेत, काही महिन्यांत माणूस बराच मोकळा होतो, चार वर्षं झाली म्हणून उशीर झाला असं नसतं. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाने दचकू नका, दिवसा दाखवून परत येणारेही तिथे असतात. इतकं लांब जाणं होत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि कधी "मी नसते तर बरं" असं मनात आलं, एकदाही, तर त्याच क्षणी तो नंबर फिरवा आणि नवऱ्याला उठवा.

आई. आईचं मला सगळ्यात अवघड वाटतं. तिला "चार महिने ये" म्हणू नका, ती येणार नाही. तिची गाय असेल, परसात भेंडी-पडवळ असेल, आणि जी माणसं गेली ती त्याच मातीत आहेत. तिला म्हणा, "लाल इशारा असेल तेवढे दोन दिवस ये, ऊन पडलं की मीच परत पोचवते." आणि तिला कारण द्या. सासूबाईंना सोबत हवी म्हणा, नातवाला तुझ्या हातचे घावन हवेत म्हणा. म्हाताऱ्या माणसांना "तुला धोका आहे" म्हटलं तर हलत नाहीत, "तुझं काम आहे" म्हटलं की पिशवी भरतात. भावाला आणि वाडीतल्या एखाद्या तरुण मुलाला मात्र खुणा माहीत हव्यात. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, झाड किंवा विजेचा खांब कललेला, दार अचानक चौकटीत अडकायला लागणं, जिथे कधी झरा नव्हता तिथे पाणी फुटणं, नेहमीचं स्वच्छ पाणी गढूळ येणं. यातलं एकही दिसलं तर इशाऱ्याचा रंग विचारत बसायचं नाही, माणसं आणि गुरं घेऊन निघायचं, आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवायचं.

दिरांना सांगा, दिवाळीनंतर बोलू. घर विकायचं की नाही हे जुलै महिन्यात ठरवू नये आणि पुरानंतरच्या वर्षीही ठरवू नये. कोरड्या दिवसांत, वही-पेन घेऊन ठरवावं. डोंबिवलीतही पाणी भरतं, हे त्यांना जमलं तर हळूच आठवण करून द्या.

राहिली 22 जुलै. तो दिवस अजून महिनाभर लांब आहे. दर वर्षी तुम्ही तो पूर अंगावर येईल म्हणून डोळे मिटून ढकलता, असं मी धरून चालते. या वर्षी त्याचे दोन भाग करा. सकाळ पुराची. दुकान उघडा, शेजाऱ्यांना चहाला बोलवा, ज्यांच्या स्लॅबवर तुम्ही दिवस-रात्र काढली त्यांना. त्या दिवसाबद्दल काय आठवतं ते बोला. चिपळुणात सगळे एकमेकांना पुराच्या गोष्टी सांगत असतात, तुम्हीही सांगत असाल, त्यात नवं काही नाही. संध्याकाळ मात्र वहिनीची. ती आजवर कोणी मागितली नाही, तुम्हीही नाही. दुकान चारला बंद करा. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. देवापाशी नको, मागच्या दारी, डोंगराच्या बाजूला एक समई लावा आणि तिघांची नावं मोठ्याने घ्या. चार वर्षांत ती नावं तुमच्या घरात किती वेळा मोठ्याने घेतली गेली? जमलं तर त्याआधी, पाऊस उघडला असेल तेव्हा, एकदा वाडीवर जाऊन या. आईबरोबर जा. तिथे काय दिसेल ते मी सांगू शकत नाही. बहुतेक गवत.

आणि बरणी. नाही, टाकू नका. सासूबाईंच्या वाक्यावर रडू आलं, त्याचा राग त्यांच्यावर धरू नका. त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला, फक्त उत्तर त्यांना माहीत नव्हतं. पुरात आमसुलं कशाला? त्या रात्री वाडीवरून काहीच वाचवता आलं नाही म्हणून. त्यांना हे सांगा. चादरीत बांधून घेतलेल्या बाईला एवढं कळेल.

पण पिशवीतून ती काढा. काचेची बरणी पहिल्या धक्क्याला फुटेल आणि कागदांवर सांडेल. मूठभर आमसुलं झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून डबी पिशवीत ठेवा, बाकी बरणी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर. मिठातली चांगली वाळवलेली आमसुलं चार वर्षांत काळी पडतात, पण बुरशी नसेल तर वाया जात नाहीत. 22 ला संध्याकाळी त्यातली सहा-सात कोमट पाण्यात भिजत घाला. सासूबाईंना सार करायला सांगा. वहिनी सारात गूळ घालायची की साखर, हे तुम्हाला नक्की माहीत असणार.